दगडावरचा पेडंट

भावोजी, तुमच्या नावाच्या दगडावर तुम्हांला शिवी कोरली आहे. कोरून घेणारे तुमचेच विद्यार्थी आहेत आणि त्यांना ती स्तुती वाटते. तुम्हांला जाऊन जेमतेम महिना होतो आहे. या दिवसांत माणसाने डोळे पुसावेत, गेलेल्याचे गुण आठवावेत. मला मात्र सकाळी उठल्यापासून राग येतो, आणि तो काढावा कोणापुढे? शब्दावरून आलेला राग ऐकून घेणारं माणूस या घरात एकच होतं.

म्हणून तुम्हांलाच लिहिते. हे कागद पुढे रंगूनला जातील, आपल्या विनूच्या मुलांकडे. माधव आणि मालूने तुम्हांला एकदाच पाहिलं, तेही काकाआजोबांच्या शेंडीला गाठ मारून पळण्यापुरतं. तिकडे ती इंग्रजी शाळेत जातात. उद्या मोठी होऊन गिरगावात आली की त्यांना तुमची ओळख माझ्या या कागदांवरून व्हायची, नाहीतर शाळेतल्या त्या दगडावरून. कागद फाटतात, दगड राहतो. आणि दगड हा असा.

झालं ते असं. तुमचा तेरावा होतो न होतो तोच जुन्या विद्यार्थ्यांनी कमिटी नेमली. शाळेच्या मोठ्या दालनात तुमच्या नावाची संगमरवरी फरशी बसवायची ठरली. चिटणीस अर्थातच तुमचे लाडके गोविंदराव. वकिलीत नाव काढलं आहे त्यांनी, आवाजही तसाच झाला आहे. परवा स्वतः भाड्याची व्हिक्टोरिया घोडागाडी घेऊन दाराशी आले. म्हणाले, "काकू, पडदा उघडण्याआधी घरच्यांनी पाहून घ्यावं." मग तुमचे दादा आणि मी त्यांच्याबरोबर परळला गेलो, पाथरवटाच्या आवारात. फरशी भिंतीला टेकवून ठेवली होती, वर ओलं फडकं. गोविंदरावांनी ते लग्नातला अंतरपाट दूर करावा तसं दोन्ही हातांनी उचललं.

वर तुमचं नाव. खाली मोठ्या काळ्या इंग्रजी अक्षरांत, ‘अ ग्रेट पेडंट अँड बिलव्हेड टीचर.’

मी वाचलं. चष्मा पदराने पुसला आणि पुन्हा वाचलं.

"गोविंदराव, हा शब्द कोणाचा?"

"माझाच, काकू!" त्यांची छाती पुढे आली. "बाकीचे ‘लर्नेड’ घाला म्हणत होते. मी म्हटलं, छे! मास्तर म्हणजे पंडित. आणि पंडिताला इंग्रजीत पेडंट. कानाला किती जवळचा लागतो बघा. आपला संस्कृत शब्दच तिकडे जाऊन बसलेला, दुसरं काय!"

"कोश पाहिलात?"

"उघड दिसतं त्याला कोश कशाला?"

भावोजी, हा तुमचा विद्यार्थी! ज्या माणसाने ‘सॉल्ट’ म्हणजे मीठच ना, याची खात्री करायलासुद्धा कोश उघडला, त्याच्या हाताखालून हा गेला. मी विचारलं, कमिटीत कोणीच काही बोललं नाही? तर म्हणतात, कमिटीत सगळे बी.ए., सगळ्यांनी एकमताने पसंत केलं. मसुदा इन्स्पेक्टर साहेबांनाही दाखवला होता. साहेब तो वाचून इतके खूष झाले की त्यांना हसू आवरेना.

"हसले?"

"हो ना! ‘व्हेरी ॲप्ट, व्हेरी ॲप्ट’, अगदी चपखल, म्हणाले आणि माझा हात हातात घेतला."

तिथे माझं डोकं फिरलं. ज्याला कळलं तो हसला आणि गप्प बसला. ज्यांना कळलं नाही ते साहेब हसला म्हणून धन्य झाले. मी त्या आवारात, पाथरवटाच्या माणसांसमोर, गोविंदरावांना सांगितलं की पेडंट म्हणजे पंडित नव्हे. विद्येचा तोरा मिरवणारा, शब्दाची साल सोलत बसणारा आणि आतलं फळ विसरणारा माणूस म्हणजे पेडंट. तुम्ही तुमच्या गुरूला संगमरवरावर ‘थोर किसकाढ्या’ म्हटलं आहे.

बिचाऱ्यांचा चेहरा उतरला. पण वकीलच ते. लगेच म्हणाले, "काकू, अक्षरं तर खोदून झाली. सोमवारी पडदा उघडायचा."

"मग सोमवारी उघडू नका."

तुमचे दादा आतापर्यंत छत्रीवर हात ठेवून उभे होते. ते म्हणाले, "अगं, असू दे. दगड आहे. कोण वाचतो?"

"रंगूनची मुलं वाचतील. आणि ती कोश पाहतात."

गिरण्यांचा भोंगा झाला, त्यात पुढचं बोलणं बुडालं ते बरंच झालं.

परतताना ट्राममध्ये बसून मी मनातल्या मनात तुमच्याशीच भांडत होते. कारण तुम्ही असतात तर काय म्हणाला असतात ते मला ठाऊक आहे. मान तिरपी करून, बोट वर करून, "वहिनी, पेडंटचा जुना अर्थ शाळामास्तर असाच आहे. त्या अर्थाने पाहिलं तर दगड चुकलेला नाही." गेल्यावरसुद्धा तुम्ही माझ्याविरुद्ध त्यांची बाजू घेतली असती! आणि वर मला म्हणाला असतात की, माणसाने चुकीतूनही व्युत्पत्ती शिकावी.

खरं सांगू का माझा राग कशाचा? तो शब्द माझा होता. या घरात तो मी तुम्हांला वर्षानुवर्षं लावला. ठाकूरद्वारच्या मामांकडून लग्नाची छापील पत्रिका आली, ती तुम्ही तांबड्या शाईने सुधारून परत पाठवलीत. ऱ्हस्व-दीर्घ सुधारलंत, एक समास तोडलात आणि खाली ‘पुन्हा लिहून दाखवणे’ असा शेरा मारलात. मामा वर्षभर आमच्या दारात आले नाहीत. मी संतापून म्हटलं, "भावोजी, तुम्ही शुद्ध पेडंट आहात!" तर तुमचा चेहरा फुलला. "अगदी बरोबर वापरलात, वहिनी! याहून नेमका शब्द मलाही सुचला नसता." आता अशा माणसावर रागवायचं तरी कसं?

तुम्हांला बाजारात पाठवणं म्हणजे तर घरच्यांना उपास. एकदा पापलेटं आणायला गेलात आणि कोळणीपाशी माशांची नावं, नावांची मुळं विचारत उकिडवे बसलात. ती शेवटी म्हणाली, "मास्तर, म्हावरा घ्याचा हाय का नुसती नावाच पुसताव?" तिचा तो वार तुम्ही घरी येऊन आम्हांला हौसेने ऐकवलात, अगदी तिच्या हेलात. मासे आणायचे राहिलेच होते.

पण मी तुम्हांला पेडंट म्हणे, तेव्हा त्याच्या मागे-पुढे बाकीचं सगळं असे. तुम्ही असायचात, मी असायचे, हसणं असायचं. दगडाच्या मागेपुढे काय आहे? नुसती भिंत. तोच शब्द घरातून उचलून परक्या दालनात ठेवला की त्याची शिवी होते. माझ्या फडताळात हळदीच्या डब्यात हळद असते आणि हिंगाच्या डब्यात हिंग. शब्दांचंही तसंच ठेवावं, हे मला तुम्हीच शिकवलंत.

शिकवलंत तेही कसं! मुलांनी हे वाचावं. मी लग्न होऊन आले तेव्हा तुम्ही माझ्याहून थोडे लहानच होतात. घरात सुनेने इंग्रजी शिकायचं म्हणजे सासूबाईंच्या दृष्टीने बाटायचंच बाकी राहिलं. मोठी माणसं दुपारी कलंडली की तुम्ही माजघराच्या उंबऱ्याशी तो पुठ्ठे निघालेला कोश घेऊन बसायचात आणि मी आत तांदूळ निवडायचे. कोणाला संशय येऊ नये म्हणून तुम्ही इंग्रजी शब्द आणि त्यांचे अर्थ पोथीच्या सुरात वाचायचात. सासूबाई जाता-येता हात जोडायच्या. "किती भाविक पोर," म्हणायच्या.

तुम्ही मला एकेक शब्द कधी दिला नाहीत, जवळच्या अर्थाचे चार-पाच एकत्र द्यायचात आणि वेगळे करायला लावायचात. एके दिवशी तुम्ही आणलेत ते पुस्तकात बुडालेल्या आणि व्यवहारात कच्च्या माणसांचे शब्द. सगळे दिसायला भाऊ-भाऊ.

"समजा वहिनी, घराला आग लागली आहे. बुकवर्म काय करील?"

"वाचत बसेल."

"बरोबर. ज्वाळेचा उजेड आला म्हणून पुस्तक जरा तिकडे कलतं करील. थिअरिस्ट?"

"आग कशी लागते ते सांगेल."

"आणि पेडंट?"

मी तांदळातला एक खडा वेचून टाकला. तुम्हीच म्हणालात, "बाहेर कोणी ‘आग लागला, आग लागला’ म्हणून ओरडत असेल ना, त्याला उभा करून आधी ‘आग लागली’ म्हणायला लावील."

मला हसू दाबता येईना. तांदूळ सांडले.

"बरं, सॅव्हंट?"

"तो कोण?"

"तो फार मोठा माणूस. त्याच्या घरची आग दुसरे विझवतात, आणि त्याला संध्याकाळी कळवतात."

"मग स्कॉलर?"

तुम्ही थांबलात. बोट वर होतं ते तसंच राहिलं. तेवढ्यात आतून सासूबाईंचा आवाज आला, "काय गं, पोथीत एवढं हसण्यासारखं काय आलं?" तुम्ही पटकन कोश मिटलात. "स्कॉलरचं उद्या," म्हणालात. दुसऱ्या दिवशी तुम्ही वेगळेच शब्द घेऊन आलात. मीही विचारलं नाही.

पुढे घराला खरोखरच आग लागली. तशी मोठी नव्हे. दिवाळीची गडबड होती, दांडीवर वाळत घातलेलं लुगडं चुलीवर पडलं आणि भिंतीला धरून भडकलं. विनू रांगत होता. मी त्याला उचलून ओरडले. तुमचे दादा कचेरीत. बाहेरच्या खोलीतून तुम्ही धावत आलात, धोतराचा सोगा पायांत, सरळ चुलीशी गेलात, आणि मग दाराकडे वळून म्हणालात, "वहिनी, बादली कुठे असते?"

"मोरीच्या दाराशी, भावोजी! उजव्या हाताला!"

तुम्ही डावीकडे गेलात. मग उजवीकडे. मग बादली आली, त्यातलं निम्मं पाणी आगीवर पडलं आणि निम्मं माझ्यावर आणि विनूवर. आग विझली. तुमच्या बोटांना फोड आले होते, कारण पाण्याआधी तुम्ही ते जळतं लुगडं हातानेच ओढलं होतं.

ही गोष्ट तुमच्या दादांनी मग प्रत्येक पंगतीत सांगितली. "आमचे बंधुराज! जन्म या घरातला, अर्धा कोश पाठ, आणि बादली सापडेना!" लोक लोटपोट व्हायचे. तुम्हीही हसायचात. मीही हसले आहे, खोटं कशाला बोलू.

पण एक गोष्ट पंगतीत कोणी सांगितली नाही, कारण ती तुम्हां-मलाच माहीत होती. आग विझल्यावर मी पाणी काढायला निघाले तेव्हा वाटेत तुमचं पुस्तक पडलं होतं. पालथं. मधलं पान दुमडून, शिवण उसवून. विनूने पुढे एकदा पुस्तक पालथं ठेवलं तर तुम्ही त्याच्याशी आठवडाभर अबोला धरलात. माणसाची पाठ मोडली तर वैद्य तरी असतो, पुस्तकाच्या पाठीला आपणच जपावं लागतं, असलं काहीतरी म्हणायचात तुम्ही. त्या दिवशी मात्र तुम्ही ते जमिनीवर टाकून आला होतात. मी पान सरळ केलं आणि पुस्तक तुमच्या मेजावर ठेवलं. तुम्ही पाहिलंत.

आता तुमच्यावरचा राग. तो बाकी आहे.

या दुखण्यात डॉक्टरांनी बाटलीवर इंग्रजीत लिहून दिलं, जेवणानंतर घेणे. तुम्हांला अन्न जात नव्हतं. दुपारी मी औषध ओतून आणलं तर तुम्ही तोंड फिरवलंत.

"वेळ झालेली नाही, वहिनी. जेवलोच नाही, तर ‘जेवणानंतर’ कशी होईल?"

"भावोजी, ही थट्टेची वेळ आहे का?"

"थट्टा नाही. त्यांना ‘जेवणाच्या वेळी’ म्हणायचं असेल तर त्यांनी तसं लिहायला हवं होतं."

सकाळीही तुम्ही हेच केलं होतंत आणि आदल्या दिवशीही, आणि आम्हांला कोणाला पत्ता लागू दिला नव्हता! घरात डॉक्टर येतो, औषध येतं, आणि रोगी त्यातल्या एका शब्दावर अडून बसतो! मी ओरडले, "पेडंट!" इतक्या मोठ्याने की तुमचे दादा बाहेरून उठून आले. तुम्ही हसलात, हसताना खोकला आला. खोकला थांबल्यावर म्हणालात, "वहिनी, खरं सांगा. त्या पोथीतल्या सगळ्यांत मी कोण?"

"आधी औषध घ्या, मग सांगते."

तुम्ही घेतलंत. कधी नव्हे ते एका शब्दानेही न अडता. मी वाटी विसळायला गेले. परत आले तेव्हा तुमचा डोळा लागला होता. त्यानंतर ग्लानीच आली. मग-सांगते ते तसंच राहिलं.

म्हणून त्या दगडाकडे मला दगड म्हणून पाहता येईना. प्रश्न तुम्ही मला विचारला होता आणि उत्तर भलत्यांनी कोरलं होतं.

काल सकाळी गोविंदराव पुन्हा आले, हर्षभरित. "काकू, सुटलं! पेडंटच्या जागी सॅव्हंट. मोजून तेवढीच अक्षरं, आणि शेवटची तीन तर तीच. नुसती पहिली तीन घासून बदलायची. सोमवार चुकत नाही. आणि या वेळी मी कोश पाहून आलो आहे. अर्थ अगदी उत्तम, थोर ज्ञानी."

तुमचे दादा म्हणाले, "वा! सगळ्यांचीच सोय."

क्षणभर मलाही पटलं. मोठा शब्द, डौलदार शब्द. मुलांनी वाचला असता तर त्यांची मान ताठ झाली असती. पण माझ्या डोळ्यांसमोर तो सॅव्हंट आला, ज्याच्या घरची आग दुसरे विझवतात.

"नको," मी म्हटलं. "स्कॉलर कोरा."

"काकू, त्यात एक अक्षर जास्त आहे! सगळी ओळ हलेल."

"हलू द्या."

"अहो, स्कॉलर शाळेतल्या पोरालासुद्धा म्हणतात! सॅव्हंटवरून तुम्ही मास्तरांना खाली उतरवता आहात."

"पोरालाही म्हणतात ना? मग तर हाच हवा. भावोजी शेवटपर्यंत शिकतच होते. आणि मी त्यांना उतरवत नाही, गोविंदराव, त्यांच्या जागेवर बसवते आहे. तीन अक्षरांची मेहनत वाचते म्हणून माणसाला दुसऱ्याचं नाव द्यायचं? उद्या माझं नाव लांब पडतं म्हणून मला शेजारणीच्या नावाने हाक माराल?"

"पण सोमवार..."

"सोमवार दर आठवड्याला येतो."

तुमच्या दादांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता पुन्हा ‘दगड आहे, असू दे’ म्हणणार. पण ते गोविंदरावांना म्हणाले, "ती म्हणते तसं करा. ती या बाबतीत त्याचीच शिष्या आहे." आणि उठून आत गेले. तुम्ही गेल्यापासून ते पहिल्यांदाच तुमच्या खोलीत जाऊन बसले. मी लगेच मागे गेले नाही.

तर दगड पुन्हा घासायला गेला आहे. पाथरवट म्हणतो, जुनी अक्षरं खोल गेली आहेत, कितीही घासलं तरी तिथे जरा खळगा राहणार, आणि ऊन कडेने आलं की पेडंटची पुसट रेघ दिसणार. गोविंदरावांना त्याची फार खंत. मी म्हटलं, राहू द्या. तेवढा माझा हक्क.

मुलांनो, तुम्ही याल तेव्हा तो खळगा बोटाने चाचपून पाहा. आणि भावोजी, आता तुमचं उत्तर. मग सांगते म्हटलं होतं ना? स्कॉलरचं उद्या म्हणून तुम्ही कोश मिटलात, ते उद्या आज आलं आहे. स्कॉलर काय करतो ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे. तो पुस्तक पालथं टाकतो, जळतं लुगडं हाताने ओढतो, आणि मग विचारतो, वहिनी, बादली कुठे असते?

मोरीच्या दाराशी, भावोजी. उजव्या हाताला. इतकी वर्षं झाली, अजून तिथेच आहे.